ओडेट सॅन्सम: लग्न होऊन इंग्लंडला गेलेली फ्रेंच मुलगी आणि तिचं युद्ध

मालविका_पु (धागाकर्ती)

मे १९४४. पॅरिसमध्ये ८४, ॲव्हेन्यू फॉश या पत्त्यावर नाझी गुप्तचरांचं ठाणं होतं. तिथे एका दिवशी आठ बायकांना वेगवेगळ्या कोठड्यांतून आणून एका खोलीत बसवलं. सगळ्या एसओई या ब्रिटिश गुप्त संघटनेसाठी काम करताना पकडल्या गेलेल्या. बऱ्याच जणी एकमेकींना पहिल्यांदाच बघत होत्या. एकीजवळ लिपस्टिक निघाली, ती सगळ्यांनी आळीपाळीने लावली. चहा मागितला तर तो चक्क चिनी मातीच्या कपांतून आला. मग हातकड्या पडल्या आणि रेल्वेने जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या तुरुंगात रवानगी झाली. पुढच्या चार महिन्यांत त्या आठपैकी सात जणींना मारून टाकलं. आठवी जगली, म्हणून लिपस्टिकची आणि चहाची गोष्ट आपल्याला माहीत आहे.

ती आठवी म्हणजे ओडेट. ब्रिटनमध्ये तिचं नाव शाळकरी मुलांनाही सांगतात. मराठीत तिच्याबद्दल माझ्या तरी फारसं वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा.

जन्म २८ एप्रिल १९१२, उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ गावी. माहेरचं आडनाव ब्रायी. वडील पहिल्या महायुद्धात १९१८ साली, युद्ध संपायला थोडेच दिवस उरलेले असताना मारले गेले. आजोबा दर रविवारी नातवंडांना वडिलांच्या थडग्यावर न्यायचे आणि सांगायचे की वेळ आली तर तुम्हालाही एवढंच करून दाखवावं लागेल. त्यात पोरीचं बालपण आजारपणात गेलं. तिची दृष्टी गेली, आणि ती थोडीथोडकी नाही तर सुमारे साडेतीन वर्षं गेलेली होती. पोलिओनेही बरेच महिने अंथरुणात काढायला लावले. आजोबांच्या घरात रडारडीला जागा नव्हती. आंधळी नात आहे म्हणून कुणी लाड केले नाहीत, संगीत ऐकायला आणि स्वतःचं स्वतः करायला शिकवलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३१ मध्ये रॉय सॅन्सम नावाच्या इंग्रजाशी लग्न झालं आणि ती इंग्लंडला आली. फ्रान्स्वाझ, लिली आणि मारियान अशा तीन मुली झाल्या. युद्ध सुरू झाल्यावर नवरा सैन्यात गेला, ती मुलींना घेऊन लंडनच्या बॉम्बपासून दूर सॉमरसेटच्या खेड्यात राहायला गेली. तिकडे फ्रान्स पडला होता, आई आणि भाऊ अडकलेले. इकडे सासरच्या देशात ती सुरक्षित, दूध-अंडी मिळणाऱ्या खेड्यात. हे सुरक्षित असणंच तिला खुपत होतं असं ती पुढे मुलाखतीत सांगते.

१९४२ च्या वसंतात ब्रिटिश नौदलाने रेडिओवरून आवाहन केलं: कुणाकडे फ्रेंच किनाऱ्याचे जुने फोटो, सहलीची पोस्टकार्डं असतील तर पाठवा. ओडेटने कळवलं की माझ्याकडे बुलोन्यच्या किनाऱ्याचे आहेत. पत्र मात्र नौदलाऐवजी युद्धखात्याच्या पत्त्यावर गेलं. तिथे कुणाच्या तरी डोळ्यांत भरलं की बाई जन्माने फ्रेंच आहे, किनारा ओळखते, नागरिकत्व ब्रिटिश. लंडनला भेटीचं बोलावणं आलं. फोटोंबद्दल बोलायचं असेल असं समजून ती गेली, आणि समोरच्या माणसाने विचारलं, फ्रान्सला परत जाल का?

ती आधी नाही म्हणाली. मग हो म्हणाली. मुलींना एसेक्समधल्या एका कॉन्व्हेंटच्या निवासी शाळेत ठेवलं, नातेवाइकांना स्कॉटलंडमध्ये कामाला जाते असं सांगितलं.

प्रशिक्षणातल्या शेऱ्यांवरून ती काही आदर्श विद्यार्थिनी नव्हती. उतावळी, पटकन भडकणारी, आणि आपलं चुकलं असेल हे कधीच कबूल न करणारी, असं तिच्या कागदांत लिहिलेलं आहे. पॅराशूटच्या सरावात तिला दुखापत झाली, म्हणून विमानातून उतरवायचा बेत रद्द. शेवटी नोव्हेंबर १९४२ च्या सुरुवातीला जिब्राल्टरहून फेलुका नावाच्या छोट्या बोटीने, रात्रीच्या अंधारात, मार्सेयजवळच्या कासी गावाच्या किनाऱ्यावर ती उतरली. सांकेतिक नाव लीझ. आठवडाभरात जर्मन सैन्य दक्षिण फ्रान्समध्येही घुसलं.

लग्न झालं म्हणून तिला दुसरा देश मिळाला, आणि त्या दुसऱ्या देशाच्या लष्कराची होऊन ती माहेरासाठी लढायला परत गेली. मला सगळ्यात जास्त हेच भिडलं. हेरगिरीचे थरार काय, ढिगाने वाचायला मिळतात. अटकेपासूनचं पुढे प्रतिसादात टाकते, एकदम लांब होतंय.

चांदणवेल

वाचतेय. लिपस्टिकच्या प्रसंगाने काटा आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकेखोर

लेख छान, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. तीन मुली. थोरली दहा वर्षांची, धाकटी सहाची. बाप युद्धावर. अशा वेळी आईने जिवावरच्या कामाला जावं? फ्रेंच जाणणाऱ्या बिनमुलांच्या बायका ब्रिटनमध्ये संपल्या होत्या का? हे शौर्य आहे हे मान्य, पण त्याची किंमत मुलींनी मोजली आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

नीरजा_क

@शंकेखोर, एसओईत गेलेल्या पुरुषांपैकी किती जणांना मुलं होती हे तुम्ही कधी मोजलंत का? ते घर सोडून गेले की वीर, ती गेली की आधी मुलींचा हिशेब.

शंकेखोर

नीरजाताई, पुरुषांनाही विचारायला हवं असं म्हणा, मी सही करतो. पण इथे बाप आधीच गेलेला होता, उरलेलीही गेली. हा फरक आहे.

मालविका_पु

@शंकेखोर, तुमचा प्रश्न तिला स्वतःलाच पडला होता, म्हणून तर आधी नकार दिला. मुलाखतीत तिने सांगितलेलं थोडक्यात असं: मी आई आहे म्हणून मला सूट आहे असं म्हणून बसले तर प्रत्येकाकडेच काही ना काही सबब असेल. माझ्या मुलींच्या स्वातंत्र्यासाठी दुसऱ्यांनी मरायचं आणि मी बघत बसायचं का? हे तिचं उत्तर. ते पटावंच असं नाही. मलाही पूर्ण पटलंय असं सांगता येणार नाही, माझ्या मुलीच्या वयाकडे बघून तर नाहीच.

'बिनमुलांच्या बायका संपल्या होत्या का' याचं उत्तर मात्र सोपं आहे. एसओईच्या फ्रान्स विभागाने एकूण ३९ बायका फ्रान्समध्ये धाडल्या. फ्रेंच मातृभाषेसारखं बोलणारी, तिथल्या बाजारात-आगगाडीत वेगळी न दिसणारी आणि वर ब्रिटनच्या विश्वासातली, अशी माणसं फारच थोडी होती. फ्रेंच मुली इंग्रजाशी लग्न करून आलेल्या असणं ही त्यामुळे त्यांच्या दृष्टीने मोठीच सोय होती. एसओईतल्याच व्हायोलेट झाबोची आई अशीच फ्रेंच, वडील इंग्रज. आणि व्हायोलेटलाही लहान मुलगी होती. ती परत आली नाही.

रणगाडा

उत्तम धागा. अटकेच्या भागाआधी मी थोडी पार्श्वभूमी टाकतो, कारण ती कशी पकडली गेली हे तिच्या शौर्याच्या कथांत नेहमी दोन ओळींत उरकतात, आणि खरा धडा तिथे आहे.

ओडेट ज्या गटात दाखल झाली त्याचं नाव स्पिंडल. प्रमुख पीटर चर्चिल (पंतप्रधानांशी नातं शून्य), रेडिओ चालवणारा अडॉल्फ राबिनोविच, मूळचा रशियन ज्यू, तोंडाने फटकळ पण कामाला पक्का. हे सगळे दक्षिण फ्रान्समधल्या कान (Cannes) शहरात बसून 'कार्त' नावाच्या स्थानिक संघटनेला रसद पुरवत. कार्तचा सूत्रधार आंद्रे जिरार हा चित्रकार. याने एक भयंकर उद्योग केला. आपल्या सभासदांची नावं, पत्ते, वर्णनं अशी तपशीलवार यादी करून ठेवली, सांकेतिक लिपीतसुद्धा नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये आंद्रे मार्साक नावाचा निरोप्या ही कागदपत्रं घेऊन मार्सेयहून पॅरिसला निघाला. गाडीत त्याला झोप लागली. बॅग गेली. बॅग नेणारा जर्मन लष्करी गुप्तहेर खात्याचा, म्हणजे अबवेअरचा माणूस होता. त्यात दोनशेच्या आसपास नावं होती.

जर्मनांनी लगेच धरपकड केली नाही. थांबले, माग काढला. मार्च १९४३ मध्ये मार्साकला पॅरिसमध्ये उचललं. त्याच्यावर काम केलं ह्यूगो ब्लायशर या अबवेअरच्या सार्जंटने. हा मारहाण करणारा नव्हता, गोड बोलून गुंडाळणारा होता. मार्साकला त्याने पटवलं की मी हिटलरविरोधी जर्मन अधिकारी आहे, मला लंडनशी संधान बांधायचंय. मार्साककडून चिठ्ठी घेऊन हा 'कर्नल आँरी' थेट आनसी तळ्याकाठच्या साँ-जोरिओ गावात येऊन ओडेटला भेटला! तोवर स्पिंडल कानहून तिथे हललं होतं आणि पीटर चर्चिल लंडनला गेलेला होता.

ओडेटला संशय आला, तिने लंडनला कळवलं. लंडनचं उत्तर स्पष्ट होतं: या माणसाशी संबंध तोडा, जागा बदला. एप्रिलच्या मध्यात चर्चिल पॅराशूटने सेमनोझ डोंगरावर उतरला, ओडेट त्याला घ्यायला गेली, आणि दोघं परत साँ-जोरिओमधल्या आपल्या हॉटेलात येऊन झोपले. १६ एप्रिल १९४३ च्या मध्यरात्रीनंतर ब्लायशर इटालियन सैनिक घेऊन दारात हजर.

माझं मत: त्यांनी तिथे परत यायलाच नको होतं. डोंगरावरून दुसऱ्या बाजूला उतरायला कुणी अडवलं नव्हतं.

चांदणवेल

यादी सांकेतिक लिपीत नाही?? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनसुद्धा एवढा निष्काळजी नाही.

मालविका_पु

रणगाडा, धन्यवाद. इतकं नीट मला लिहिता आलं नसतं. पुढचं मी सांगते.

अटक झाली तशी ओडेटने एक गोष्ट ताबडतोब ठरवली. पीटरचं आडनाव चर्चिल आहे, मग त्याचा वापर करायचा. हा पंतप्रधानांचा पुतण्या आहे आणि मी याची बायको, असं तिने जर्मनांना सांगितलं. दोन्ही खोटं. त्यावर आणखी एक थर चढवला: सगळं डोकं माझं आहे, हा बिचारा माझ्या सांगण्यावरून फ्रान्सला आला, याला काही माहीत नाही. म्हणजे खटल्याचं ओझं स्वतःकडे घ्यायचं आणि जीव मात्र त्या आडनावाने वाचवायचा. आधी उतावळी म्हणून शेरा मिळालेल्या बाईने अर्ध्या रात्रीत हे रचलं.

पॅरिसजवळच्या फ्रेनच्या तुरुंगातून तिला पुन्हा पुन्हा ॲव्हेन्यू फॉशला चौकशीला नेत. युद्धानंतर तिला मिळालेल्या जॉर्ज क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाच्या मानपत्रात चौदा चौकश्या नोंदल्या आहेत. त्यांना दोन माणसं हवी होती, रेडिओवाला राबिनोविच आणि दुसरा एक ब्रिटिश अधिकारी. दोघांचा ठावठिकाणा फक्त तिला ठाऊक होता. मानपत्रानुसार तिच्या पाठीला तापलेल्या लोखंडाने डाग दिला आणि पायाच्या बोटांची नखं उपटली. तिचं उत्तर एकच होतं, मला काही सांगायचं नाही.

जून १९४३ मध्ये तिला मृत्युदंड झाला, आणि तोही दोन आरोपांवर दोनदा. एकदा फ्रेंच प्रतिकाराची म्हणून, एकदा ब्रिटिश हेर म्हणून. तिने सुनावलं की मग कुठल्या गुन्ह्यासाठी मारायचं ते तुम्हीच ठरवा, मला एकदाच मरता येतं.

शिक्षा अंमलात आली नाही. मग मे १९४४, ती लिपस्टिक, कार्ल्सरूह, आणि जुलैमध्ये राव्हन्सब्रुकची छळछावणी.

तिथे तिला 'बंकर' म्हणत त्या तुरुंगकोठडीत ठेवलं, तीन महिन्यांहून जास्त काळ पूर्ण अंधारात. शेजारीच फटक्यांची शिक्षा देण्याची जागा होती, तिथला प्रत्येक आवाज तिला ऐकू येई. ऑगस्टमध्ये दोस्त सैन्य दक्षिण फ्रान्समध्ये उतरलं, तो राग तिच्यावर निघाला: जेवण बंद केलं, कोठडीतली वाफेची उष्णता पूर्ण वाढवली. बेशुद्ध सापडली. वर सांगितलं होतं ना, बालपणीचं आंधळेपण लक्षात ठेवा? ती म्हणायची की अंधार मला नवा नव्हता. अंधारात बसून ती मुलींसाठी मनातल्या मनात कपडे शिवायची. कापड निवडायचं, बेतायचं, कापायचं, टाके घालायचे, एक पुरा झाला की दुसरा.

सुटका तर नाटकात खपणार नाही अशी आहे. छावणीचा प्रमुख फ्रिट्झ झुरेन. रशियन सैन्य जवळ आल्यावर मे १९४५ च्या सुरुवातीला त्याने ओडेटला आपल्या गाडीत बसवलं आणि पश्चिमेला अमेरिकनांकडे घेऊन गेला. चर्चिलच्या पुतण्याची बायको परत केली तर आपली मान वाचेल असा हिशेब. अमेरिकनांसमोर पोचल्यावर ओडेटने सांगून टाकलं की हा राव्हन्सब्रुकचा कमांडंट आहे, याला पकडा. त्याचं पिस्तूलही तिने काढून घेतलं. झुरेन पुढे कैदेतून पळाला, १९४९ मध्ये पुन्हा सापडला, आणि १९५० मध्ये फ्रेंचांनी त्याला मृत्युदंड दिला.

नीरजा_क

खोट्या आडनावावर विश्वास ठेवून कमांडंटने स्वतः गाडी चालवत नेलं. हे वाचून हसावं की काय कळत नाही.

कपडे शिवण्याचं वाचून मात्र थांबले. @शंकेखोर, मुलींचा हिशेब ती स्वतः करतच होती की.

शंकेखोर

ते वाचलं. आणि बोलायचं काही राहिलं नाही, त्या मुद्द्यावर.

पण दुसरा मुद्दा आहेच, नाव सार्थ करायला हवं. छळाबद्दल वाद झाले होते असं मी वाचलंय. साक्षीदार कोण? ती सांगते म्हणून खरं मानायचं का? तिच्यावर चित्रपट निघाला १९५० मध्ये, तोवर ती ब्रिटनची लाडकी झालेली. अशा वेळी कथा फुगतात.

रणगाडा

वाद झाले, खरं आहे. दोन टप्पे आहेत.

१९५० च्या दशकाच्या शेवटी एसओईच्या चुकांवर पुस्तकं येऊ लागली. कुठले गट का फुटले, लंडनने इशारे का दुर्लक्षिले, असे प्रश्न. खासदार आयरीन वॉर्ड यांनी संसदेत हा विषय लावून धरला. त्या हवेत ओडेटच्या पदकावरही शिंतोडे उडाले. मग १९६६ मध्ये एसओईच्या फ्रान्समधल्या कामाचा सरकारी इतिहास निघाला, त्यात तिच्याबद्दलचा मजकूर तिला बदनामीकारक वाटला. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि १९६८ च्या आवृत्तीत बदल झाले.

पुरावा काय? १९४६ मधला डॉक्टरचा दाखला आहे, त्यात पायाच्या बोटांची काही नखं नाहीत आणि पाठीवर गोल व्रण आहे असं नोंदलंय. 'सगळी' नखं की 'काही', यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी घातला. तिने तोंड उघडलं नाही याचा पुरावा मात्र मला जास्त भक्कम वाटतो. ज्या दोघांसाठी तिला तुडवलं ते दोघं त्या वेळी सापडले नाहीत. राबिनोविच निसटला. (पुढच्या मोहिमेत १९४४ मध्ये पकडला जाऊन मारला गेला, ती वेगळी कथा.) दुसरा अधिकारी फ्रान्सिस कॅमार्ट्स. याने नंतर दक्षिण-पूर्व फ्रान्समध्ये जॉकी नावाचं प्रचंड जाळं उभं केलं आणि तो २००६ पर्यंत जगला. एप्रिल १९४३ मध्ये ती बोलली असती तर जॉकी उभंच राहिलं नसतं.

शंकेखोर

हा युक्तिवाद पटला. 'काय झालं' यापेक्षा 'काय झालं नाही' यावरून सिद्ध करणं. तरीही हॉटेलवर परत येण्याबद्दल मी रणगाडांच्या बाजूने.

मालविका_पु

त्या हॉटेलबद्दल मीही तुमच्याच बाजूने आहे. तिच्या बऱ्याच चाहत्यांना हे सांगितलं की राग येतो. चूक तिची आणि पीटरची, मौन तिचं एकटीचं. दोन्ही एकाच बाईचं असायला काय हरकत आहे?

श्प्रे_काठी

मी बर्लिनमध्ये राहतो. राव्हन्सब्रुक इथून उत्तरेला, फ्युर्स्टेनबेर्ग स्थानकापर्यंत लोकल गाडी जाते, पुढे चालत. पाहुणे आले की लोक त्यांना पॉट्सडॅमचे राजवाडे दाखवतात, मी विचारून इकडे आणतो. काही जण नंतर बोलत नाहीत दिवसभर.

ही स्त्रियांसाठी बांधलेली छावणी, १९३९ पासून. स्मारकाच्या माहितीनुसार सुमारे १,२०,००० स्त्रिया आणि मुलं इथे नोंदली गेली. बराकी जवळपास सगळ्या गेल्या, तिथे आता काळी खडी पसरलेली आहे. पण ओडेट जिथे होती तो बंकर उभा आहे. दुमजली, दोन्ही बाजूंना अरुंद कोठड्या. पूर्व जर्मनीच्या काळात त्यातल्या कोठड्या वेगवेगळ्या देशांना स्मृतिदालनं म्हणून दिल्या, त्यामुळे एकेका दारामागे एकेका देशाची आठवण आहे. बाहेर पडलं की समोर तळं, पलीकडच्या काठावर गावाचं चर्च दिसतं. म्हणजे गावातूनही छावणी दिसत असणारच.

ओडेट युद्धानंतर हॅम्बुर्गला झालेल्या राव्हन्सब्रुक खटल्यात साक्ष द्यायला आली होती. आणि वयाच्या ऐंशीनंतर पुन्हा एकदा छावणीत, तिथे मारल्या गेलेल्या एसओईच्या बायकांच्या स्मरणफलकासाठी. व्हायोलेट झाबो, डनीझ ब्लॉक, लिलियन रोल्फ, सिसिली लफोर.

चांदणवेल

आणि ओडेटबरोबर कार्ल्सरूहला नेलेल्या त्या सात जणी? त्यांची नावंही द्या कुणीतरी.

रणगाडा

आंद्रे बोरेल, व्हेरा ली, डायना रावडन, सोन्या ओल्शानेझ्की: ६ जुलै १९४४, नात्सवायलर छावणी. योलांद बीकमन, एलियान प्लूमन, मादलेन दामरमाँ: १३ सप्टेंबर १९४४, डाखाऊ.

डाखाऊला त्या तिघींबरोबर चौथी होती नूर इनायत खान. ती आधीपासून फोर्ट्सहाइमच्या तुरुंगात साखळदंडात होती, शेवटच्या प्रवासात तिला यांच्यात आणलं.

मांडवीकर

नूरचं नाव निघालं म्हणून बडोद्याहून लिहितो. तिचे वडील हजरत इनायत खान इथे बडोद्यात १८८२ मध्ये जन्मले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव महाराजांच्या पदरी मोठे गवई. महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये त्यांनी इथे गायनशाळा सुरू केली, आजच्या विद्यापीठाची संगीत शाखा तिचीच वारस. स्वरलिपीवर त्यांचं काम आहे. आमच्या घरात जुनी मंडळी 'मौलाबक्षांची गायनशाळा' असंच म्हणायची. त्यांची पणती पॅरिसमध्ये वाढली, ब्रिटनसाठी फ्रान्समध्ये रेडिओ चालवायला गेली आणि डाखाऊला संपली, हे आमच्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. १९४९ मध्ये तिलाही मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

नीरजा_क

मांडवीकर, नूरवर वेगळा धागा काढाच. बडोद्याच्या बाजूने कुणी लिहीत नाही.

मालविका, युद्धानंतर ओडेटचं काय झालं? नवरा, मुली?

मालविका_पु

रॉय सॅन्समशी लग्न १९४६ मध्ये संपलं. १९४७ मध्ये तिने पीटर चर्चिलशी लग्न केलं, म्हणजे जर्मनांना सांगितलेलं खोटं अखेर खरं झालं, निदान अर्धं. वर्तमानपत्रांना हे फार आवडलं. पण तेही टिकलं नाही. १९५६ मध्ये तिसरं लग्न, जेफ्री हॅलोज यांच्याशी. तेही एसओईत काम केलेले, नंतर वाइनचे व्यापारी. हा संसार शेवटपर्यंत चालला. मुलींबद्दल मी लिहीत नाही, त्यांनी स्वतः जाहीरपणे फार बोलणं टाळलंय असं दिसतं.

ऑगस्ट १९४६ मध्ये जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. हे पदक थेट मिळवणारी ती पहिली स्त्री. फ्रान्सने १९५० मध्ये लेजियाँ दॉनर हा सन्मान दिला, माहेरची पावती म्हणा. ती सांगायची की पदक माझं नाही, जे परत आले नाहीत त्यांचं आहे, मी सांभाळते फक्त. बोलायला असं सगळेच बोलतात, पण एसओईच्या बायकांच्या स्मरणार्थ जे जे उभं राहिलं त्यात ती राबलेली आहे.

पदकाचा एक किस्सा सांगायलाच हवा. १९५१ मध्ये तिच्या आईच्या लंडनमधल्या घरात चोरी झाली आणि बाकी ऐवजाबरोबर जॉर्ज क्रॉसही गेला. आईने वर्तमानपत्रातून विनवणी केली, आणि पदक टपालाने परत आलं! सोबत चिठ्ठी: बाईसाहेब, तुम्ही प्रेमळ म्हाताऱ्या दिसता, देव तुमचं नि तुमच्या मुलांचं भलं करो, माझ्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आभार, मी तितका वाईट नाही, परिस्थिती तशी आहे. तुमच्या कुत्र्याला मी आवडलो, त्याला थोपटलं आणि फ्रीजमधला मांसाचा तुकडा दिला. खाली सही, 'एक वाया गेलेला माणूस'.

चांदणवेल

चोर असावा तर असा. कुत्र्याचा उल्लेख तर कळस.

शंकेखोर

कुत्रा भुंकला नाही म्हणजे राखणीचा नव्हता. (हलकेच घ्या.)

रणगाडा

फ्रान्समध्ये जाणाऱ्यांसाठी: लुआर खोऱ्यातल्या व्हालाँसे गावी एसओईच्या फ्रान्स विभागाचं स्मारक आहे, १९९१ चं. १०४ नावं, ९१ पुरुष आणि १३ स्त्रिया. किल्लेवजा राजवाडे बघायला लोक त्या भागात जातातच, थोडी वाट वाकडी करायची.

श्प्रे_काठी

ओडेट गेली १३ मार्च १९९५ ला, वॉल्टन-ऑन-टेम्समध्ये. २०१२ मध्ये ब्रिटिश टपालाने तिचं तिकीट काढलं, आणि मार्च २०२० मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावर एका आगगाडीला तिचं नाव दिलं. आडनाव तिसऱ्या नवऱ्याचं, ओडेट हॅलोज.

नीरजा_क

मालविका, तू म्हणतेस ती मुलाखत कुठे ऐकायला मिळेल?

मालविका_पु

लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने तिची प्रदीर्घ ध्वनिमुद्रित मुलाखत घेतलेली आहे, त्यांच्या संकेतस्थळावर शोध, ओडेट हॅलोज या नावाने. हेडफोन लावून ऐक. इतकी वर्षं इंग्लंडात काढूनही उच्चार पक्के फ्रेंच आहेत, पहिल्या काही मिनिटांत शब्द निसटतात, मग कान सरावतो.

मांडवीकर, नूरचा धागा कधी काढताय?

मांडवीकर

काढतो. घरातले गायनशाळेबद्दलचे जुने कागद माळ्यावर आहेत, दिवाळीच्या साफसफाईत खाली येतील. त्यानंतर.